मायक्रोआरएनए आणि आजार: कारण कोणते, साथीदार कोणते आणि नुसती खूण कोणती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या ‘प्रगत’ रक्ततपासणीत मिर-21 नावाचे मायक्रोआरएनए ‘2.8 पट वाढलेले’ आले. त्याविषयी वाचायला गेल्यावर कर्करोगापासून हृदयविकार-मधुमेहापर्यंत जवळपास प्रत्येक आजाराशी त्याचे नाव जोडलेले दिसले. मग हे रेणू आजार घडवतात, की आजार झाल्यावर नुसते वर-खाली होतात? आणि या शोधाला 2024 चे नोबेल मिळाले, तर त्यावरचे औषध अजून का आलेले नाही?

रिपोर्टचे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचे शांतपणे वाचता येईल. एकट्या मिर-21 च्या वाढीवरून कर्करोगाचे निदान होत नाही. 2.8 या आकड्याने घाबरून पुढच्या महागड्या तपासण्यांची रांग लावू नका. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. त्यामागे ठोस तांत्रिक कारणे आहेत आणि ती खाली येतीलच. मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे या आकड्यांचा जन्म कसा होतो ते रोज पाहतो.

मायक्रोआरएनए करतात काय, हे दोन मिनिटांत पाहू. जनुकाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए आणि त्यावरून प्रथिन, हा क्रम शाळेत शिकलेला असतो. मायक्रोआरएनएपासून प्रथिन बनत नाही. साधारण 22 अक्षरांचे हे तुकडे दुसऱ्या जनुकांच्या संदेशांना चिकटतात आणि त्या संदेशांपासून बनणारे प्रथिन कमी करतात. केंद्रकात आधी एक लांबलचक आरएनए तयार होते, त्याचा काही भाग स्वतःवरच दुमडतो, आणि ड्रोशा नावाचे विकर तो दुमडलेला भाग कापून वेगळा काढते. सुमारे 70 अक्षरांचा हा तुकडा केंद्रकाबाहेर येतो. तिथे डायसर हे दुसरे विकर त्याचे वळणाचे टोक छाटते. उरलेल्या दुहेरी तुकड्यातला एक धागा अर्गोनॉट या प्रथिनात बसतो, दुसरा बहुधा टाकून दिला जातो. बसलेल्या धाग्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे कोणत्या संदेशाशी जुळतात, त्यावर लक्ष्य ठरते. या सात अक्षरांना आम्ही ‘सीड’ म्हणतो. पुढे हा शब्द लागेल.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि सगळा गोंधळ त्या दोन्हींमुळेच आहे. पहिली, सात अक्षरांची जुळणी हजारो संदेशांत कुठे ना कुठे सापडतेच. त्यामुळे एका मायक्रोआरएनएची लक्ष्ये शेकड्यांनी असतात, आणि माणसाच्या प्रथिने बनवणाऱ्या जनुकांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जनुकांवर उत्क्रांतीत टिकून राहिलेल्या अशा जागा आहेत. दुसरी, प्रत्येक लक्ष्यावरचा परिणाम बेताचा असतो. 2008 मध्ये दोन गटांनी पेशीतली हजारो प्रथिने एकाच वेळी मोजली, तेव्हा एका मायक्रोआरएनएमुळे बहुतेक लक्ष्य-प्रथिने निम्म्यानेसुद्धा घटत नाहीत असे दिसले. लक्ष्ये शेकडो आणि प्रत्येकावर दाब थोडासा. अशा रेणूचा संबंध कोणत्याही आजाराशी जोडून दाखवणे सोपे असते. तो संबंध कारणाचा आहे हे सिद्ध करणे फार अवघड.

इतिहासाचा एकच भाग इथे कामाचा आहे. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी 1993 मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत लिन-4 हे पहिले मायक्रोआरएनए आणि त्याचे लक्ष्य दाखवले. त्यानंतर सात वर्षे बहुतेकांनी ती कृमीचीच काहीतरी खासियत समजून सोडून दिली. 2000 मध्ये रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला लेट-7 सापडले, आणि ते माशीपासून माणसापर्यंत जसेच्या तसे आहे हे कळल्यावर मात्र झुंबड उडाली. ती इतकी उडाली की 2018 च्या मिरबेस या नोंदवहीत माणसाचे 1917 पूर्वरेणू, म्हणजे कापण्याआधीचे दुमडलेले तुकडे, जमा झाले. काटेकोर निकष लावणाऱ्यांच्या यादीत त्यातले पाच-सहाशेच उरतात. म्हणजे एखाद्या शोधनिबंधात चार आकडी क्रमांकाचे, कधी न ऐकलेले मायक्रोआरएनए कुठल्याशा आजाराचे ‘सूत्रधार’ म्हणून झळकले, तर आधी ते खरोखरचे मायक्रोआरएनए आहे का, हेच विचारावे लागते.

आता मुख्य प्रश्न: कारण की परिणाम? माझा निकष जुना आणि कंटाळवाणा आहे. त्या मायक्रोआरएनएच्या जनुकातच बिघाड असलेली माणसे आजारी पडतात का? प्राण्यात तेवढाच बिघाड केला तर तोच आजार होतो का? आणि शक्य असेल तिथे, लक्ष्यावरची बसण्याची जागा तेवढी पुसली तर परिणाम जातो का? या चाळणीतून फार थोडी उदाहरणे पार होतात. पण जी होतात ती पक्की आहेत.

सर्वात स्वच्छ उदाहरण मिर-96 चे. आतल्या कानात ध्वनिलहरी टिपणाऱ्या रोमपेशी असतात, त्यांत हे मायक्रोआरएनए भरपूर असते. स्पेनमधल्या काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या ऐकू येणे हळूहळू कमी होत जाण्याचा विकार होता, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली सदोष प्रतही त्याला पुरेशी होती. 2009 मध्ये त्याचा माग काढल्यावर दोष सापडला तो मिर-96 च्या सीडमध्ये, फक्त एका अक्षराचा. त्याच सुमारास त्याच सीडमध्ये वेगळ्या अक्षराचा बदल असलेला बहिरा उंदीरही सापडला. इथे घडते काय, ते नीट पाहण्यासारखे आहे. सीडमधले एक अक्षर बदलले की जुनी लक्ष्ये सुटतात, त्यांचे प्रथिन वाढते. पण तेवढ्यावर थांबत नाही. बदललेले सीड आता वेगळ्याच संदेशांशी जुळते, आणि ज्यांना कधी हात लावायचा नव्हता त्यांना दाबू लागते. रोमपेशीची वाढ अर्धवट राहते, पुढे त्या मरतात. 22 अक्षरांपैकी एक अक्षर, आणि त्यामुळे येणारा बहिरेपणा: इतका सरळ धागा या क्षेत्रात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

डोळ्यात मिर-184 च्या सीडमधल्या बदलाने कॉर्निया शंकूसारखा पुढे येणे आणि कमी वयात मोतीबिंदू होणे असा विकार होतो. मिर-17 ते 92 हा सहा मायक्रोआरएनएंचा गट एका प्रतीतून गळाला, तर बुटकेपणा आणि हाताच्या बोटांच्या रचनेत दोष असलेला फाइनगोल्ड सिंड्रोमचा दुसरा प्रकार होतो. हे 2011 मध्ये कळले. हे सगळे दुर्मिळ विकार आहेत, म्हणून त्यांची चर्चा कमी होते. पण मायक्रोआरएनए स्वतः आजार घडवू शकतात, हे त्यांच्यामुळेच निर्विवाद झाले.

डॉक्टरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो डायसरचाच बिघाड, ज्याला डायसर-1 सिंड्रोम म्हणतात. लहान मुलांच्या फुप्फुसात होणारा प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा नावाचा दुर्मिळ कर्करोग काही कुटुंबांत पुन्हा पुन्हा दिसत होता. 2009 मध्ये त्या कुटुंबांत डायसर-1 जनुकाची एक प्रत निकामी असल्याचे आढळले. एक प्रत निकामी असली तरी दुसरी काम करते, म्हणून मूल जन्मतः ठीक असते. गाठ होते ती दुसऱ्या प्रतीतही धक्का बसल्यावर, आणि हा दुसरा धक्का कुठेही बसत नाही. तो जवळजवळ नेहमी डायसरच्या दोन कात्र्यांपैकी एकीच्या पात्यावर, ठरावीक चार-पाच अमिनो आम्लांपैकी एकावर बसतो. परिणाम असा की डायसर दुहेरी तुकड्याची एक बाजू कापतो, दुसरी कापूच शकत नाही. एका बाजूचे धागे तयार होतात, दुसऱ्या बाजूचे होत नाहीत. लेट-7 कुटुंबातले कामाचे धागे बहुतेक त्या हरवलेल्या बाजूचे, आणि पेशीला ‘आता वाढणे पुरे, प्रौढ हो’ असे सांगणारे रेणू नेमके तेच. डायसर पूर्णपणे बंद पडला असता तर पेशी बहुधा मेलीच असती. अर्धवट चालणारा डायसर मात्र गाठ घडवतो.

याचा दवाखान्यात थेट उपयोग होतो. मुलाच्या फुप्फुसात हवेच्या पोकळ्या, त्याच घरात कमी वयात थायरॉइडच्या अनेक गाठी, एखाद्या मुलीला अंडाशयाची सर्टोली-लायडिग गाठ, असा कौटुंबिक इतिहास दिसला तर डायसर-1 ची जनुकीय तपासणी सुचवली पाहिजे. वाहक ठरलेल्या बाळाच्या छातीची तपासणी पहिल्या काही महिन्यांत करतात, कारण ही गाठ नुसत्या पोकळ्यांच्या अवस्थेत काढली तर निकाल फार चांगला असतो. बहुतेक वाहकांना मोठा आजार कधीच होत नाही, हेही त्या कुटुंबाला त्याच बैठकीत सांगायचे असते. मायक्रोआरएनएच्या ज्ञानातून मुलांचे जीव प्रत्यक्ष वाचतात ते इथे, आणि लोकांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत नेमके हेच नसते.

कर्करोगाकडे वळू. या रेणूंचे नाव कर्करोगाशी पहिल्यांदा जोडले गेले 2002 मध्ये. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, या रक्ताच्या कर्करोगात 13 व्या गुणसूत्राचा एक तुकडा अर्ध्याहून अधिक रुग्णांत गळालेला असतो. त्या तुकड्यात ट्यूमर दाबणारे जनुक असणार म्हणून संशोधक वर्षानुवर्षे प्रथिने बनवणारी जनुके चाळत होते आणि हाती काही लागत नव्हते. कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाला तिथे मिर-15ए आणि मिर-16-1 सापडली. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत ती गळालेली किंवा घटलेली होती. ती बीसीएल-2 या प्रथिनाला दाबतात. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. ब्रेक गेला की बीसीएल-2 वाढते आणि मरायला हव्या होत्या त्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, साठत जातात. 2010 मध्ये उंदरांत फक्त ही दोन मायक्रोआरएनए काढली तेव्हाही सीएलएलसारखाच आजार झाला. म्हणजे हे माझ्या चाळणीतून बहुतांशी पार होते. बीसीएल-2 ला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स 2016 पासून सीएलएलमध्ये वापरात आहे आणि उत्तम काम करते. पण ते मायक्रोआरएनएच्या संशोधनातून आले असे सांगितले जाते ते बरोबर नाही. बीसीएल-2 वरचे काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे. मायक्रोआरएनएने ते प्रथिन का वाढते याचा एक धागा जुळवून दिला, इतकेच.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. मिर-17 ते 92 हा गट, ज्याची एक प्रत गेल्यावर फाइनगोल्ड होतो, तोच काही लिम्फोमांत (लिम्फोसाइटच्या गाठींत) अनेक पटींनी वाढलेला असतो आणि मिक या कर्कजनुकाच्या बरोबरीने काम करतो. बी पेशींत मिर-155 जास्त तयार होईल असे उंदीर बनवले तर त्यांना ल्युकेमिया होतो.

आणि मिर-21? 2010 मध्ये उंदरांत ते मुद्दाम वाढवले तेव्हा लिम्फोमा झाला, वाढवणे बंद केल्यावर गाठ विरली. म्हणजे वाढ घडवण्याची ताकद त्यात आहे, हे खरे. पण माणसाच्या शरीरात ते नेमके कुठे वाढते ते पाहा. जवळपास प्रत्येक घन ट्यूमरमध्ये वाढते. जखम भरताना वाढते. किडनीत, यकृतात, हृदयात तंतुमय ऊती साठू लागली की वाढते. सूज असली की वाढते. ट्यूमरमध्येही ते अनेकदा कर्कपेशींपेक्षा भोवतालच्या फायब्रोब्लास्टमध्ये, म्हणजे आधाराच्या ऊतीतल्या पेशींमध्ये, जास्त सापडते. अशा रेणूला मी आजाराचा साथीदार म्हणेन. तो आग भडकवतो, पण काडी कोणी लावली हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. एकाच रेणूचे नाव इतक्या आजारांत का दिसते, याचे उत्तर हेच.

हृदयविकार आणि मधुमेहाबद्दल विचारले आहे, तर हृदयातले एक उदाहरण मन लावून वाचण्याजोगे आहे. मिर-208ए हृदयाच्या मायोसिन जनुकाच्याच पोटात, एका इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाच्या संदेशातून कापून टाकल्या जाणाऱ्या भागात, दडलेले असते. 2007 मध्ये ते नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा निवांत बसलेल्या उंदराच्या हृदयात फारसे काही वेगळे दिसले नाही. पण हृदयावर दाबाचा ताण आणल्यावर सामान्य उंदरांत स्नायू जाड झाला आणि तंतू साठले, या उंदरांत तसे झाले नाही. हा नमुना पुन्हा पुन्हा भेटतो. कृमींतही बहुतेक मायक्रोआरएनए एकेक करून काढली तर वरवर पाहता काहीच बिघडत नाही. त्यांचे काम शांततेच्या काळात जाणवत नाही, ताण आला की जाणवते. त्यामुळे ‘हे काढले तर काही झाले नाही, म्हणजे त्याचे काही काम नाही’ हा निष्कर्ष जितका चुकीचा, तितकाच ‘आजारात ते वाढले, म्हणजे त्यानेच आजार केला’ हाही चुकीचा. मधुमेहात स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतले मिर-375 प्रसिद्ध आहे. इन्सुलिन सोडण्यावर त्याचा अंकुश असतो, पण त्याच्या बिघाडामुळे माणसाला मधुमेह होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

हिपॅटायटिस सी चे प्रकरण या सगळ्यांहून वेगळे. यकृतातल्या मायक्रोआरएनएंत साधारण 70 टक्के वाटा एकट्या मिर-122 चा. 2005 मध्ये दिसले की हा विषाणू आपल्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकावर मिर-122 ला बसवून घेतो, आणि इथे मिर-122 त्याला दाबण्याऐवजी त्याचे रक्षण करते. ते टोक झाकले गेले की पेशीची विकरे त्याला कुरतडू शकत नाहीत. विषाणू यकृतातच का फोफावतो, याचे मोठे कारण हे. याच माहितीवर मिराव्हिरसेन हे मिर-122 ला अडवणारे इंजेक्शन बनले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 36 रुग्णांना आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शने दिली. सर्वात मोठ्या मात्रेच्या नऊ जणांपैकी चौघांच्या रक्तात पुढे काही काळ विषाणू सापडलाच नाही. मायक्रोआरएनएला लक्ष्य करून माणसात परिणाम मिळतो, हे पहिल्यांदा दाखवणारी ती चाचणी. औषध तरी पुढे सरकले नाही, कारण त्याच सुमारास विषाणूवर थेट घाव घालणाऱ्या गोळ्या आल्या. काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होऊ लागल्यावर इंजेक्शन कोण घेणार? शिवाय मिर-122 नसलेल्या उंदरांना यकृतात चरबी साठते, पुढे कर्करोगही होतो. दीर्घकाळ ते अडवून ठेवण्याची धास्ती होतीच.

आता रक्ततपासणी, म्हणजे तुमच्या रिपोर्टचा भाग. 2008 मध्ये अनेक गटांनी दाखवले की रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, मायक्रोआरएनए टिकून राहतात. इतर आरएनए तिथे क्षणात विरघळतात, पण हे प्रथिनांना चिकटून किंवा सूक्ष्म पिशव्यांत बसून वाचतात. ट्यूमरची खबर रक्तातून मिळणार म्हणून शोधनिबंधांचा पूर आला. त्यातले बरेचसे एकमेकांशी जुळत नाहीत. एका गटाला वाढलेले दिसते ते दुसऱ्याला घटलेले.

कारण ट्यूबमध्येच असते. रक्तद्रवातली बहुतेक मायक्रोआरएनए मुळात रक्तपेशींतून आलेली असतात. तांबड्या पेशींत मिर-451ए आणि मिर-16 खच्चून भरलेली. सुई लावताना रक्त जोरात ओढले, ट्यूब हलवली, सॅम्पल तासन्‌तास तसेच राहिले, की काही तांबड्या पेशी फुटतात. प्लाझ्मा किंचित गुलाबी दिसतो, कधी डोळ्याला तेही दिसत नाही, पण आकडे तोवर बिघडलेले असतात. म्हणून आम्ही प्रत्येक सॅम्पलमध्ये मिर-451ए आणि तांबड्या पेशी फुटल्या तरी फारसे न बदलणारे मिर-23ए, या दोघांच्या पीसीआर सायकलमधले अंतर पाहतो. (पीसीआर म्हणजे रेणूच्या नकला सायकलमागून सायकल वाढवत मोजण्याची पद्धत; रेणू जितका जास्त, तितक्या कमी सायकलमध्ये तो दिसतो.) अंतर पाचाच्या आत असेल तर सॅम्पल ठीक, सातच्या वर गेले तर ते बाद. त्यानंतर प्लेटलेट. एकदाच सेंट्रिफ्यूज केलेल्या प्लाझ्मात प्लेटलेट उरतात आणि त्यांत इतर अनेकांबरोबर मिर-21 ही असते. गोठवून वितळवले की त्या फुटतात. म्हणून दोनदा सेंट्रिफ्यूज करायचे, तेही गोठवण्याआधी. रक्त गोठू नये म्हणून ते हेपारिनच्या ट्यूबमध्ये घेतले असेल तर हेपारिन पीसीआरलाच अडवते. ईडीटीएची ट्यूब लागते.

त्यापुढचा प्रश्न: ‘2.8 पट’ कशाच्या तुलनेत? पीसीआरमध्ये दर सायकलला प्रमाण दुप्पट होते. 2.8 पट म्हणजे साधारण दीड सायकलचा फरक. रक्तद्रवातल्या मायक्रोआरएनएसाठी सर्वांना मान्य असा स्थिर संदर्भरेणू आजही नाही. काही प्रयोगशाळा मिर-16 वापरतात, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यावर सर्वात आधी वाढणाऱ्यांपैकीच एक. संदर्भ बदलला की दीड सायकल सहज इकडची तिकडे होते. त्या प्रयोगशाळेला चारच प्रश्न विचारा: ट्यूब कोणती होती, तांबड्या पेशी फुटल्या का हे तपासले का, संदर्भरेणू कोणता, आणि ‘सामान्य’ मर्यादा किती लोकांवरून ठरवली. उत्तरे मिळाली नाहीत, तर तो कागद बाजूला ठेवायला हरकत नाही. उत्तरे चोख मिळाली, तरी मिर-21 ची वाढ साध्या सर्दीतही असू शकते. वडिलांच्या वयाला लागू असलेल्या नेहमीच्या तपासण्या, आतड्याची, प्रोस्टेटची, धूम्रपान असेल तर फुप्फुसाची, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून कराव्यात. त्यांना अनेक वर्षांच्या पुराव्याचा आधार आहे.

मग रक्तातले एकही मायक्रोआरएनए कामाचे नाही का? आहे. मिर-371ए-3पी. हे गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींत असते, प्रौढ शरीरात जवळजवळ नसतेच. वृषणाच्या जर्म सेल ट्यूमरमध्ये, म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या गाठींत, ते पुन्हा सुरू होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 616 रुग्णांत त्याची संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण) सुमारे 90 टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचे प्रमाण) 94 टक्के आली. एएफपी, एचसीजी, एलडीएच या जुन्या खुणा त्याच्या जवळपासही पोचत नाहीत. गाठ काढली की ते काही दिवसांत खाली येते, आजार परतला की वर जाते. टेराटोमा या त्याच गटातल्या एका प्रकारात मात्र ते वाढत नाही, म्हणून ते सामान्य आले तरी शिल्लक टेराटोमा नाकारता येत नाही. हे मायक्रोआरएनए यशस्वी का, ते मिर-21 शेजारी ठेवले की लगेच कळते. निरोगी माणसात जे जवळपास शून्य असते तेच खूण म्हणून चालते. प्रत्येक पेशीत जे आधीच भरपूर आहे, त्याचे थोडे वर-खाली होणे काही सांगत नाही.

जाता जाता एक. भाताच्या रोपातले मायक्रोआरएनए खाण्यातून रक्तात जाऊन आपले कोलेस्टेरॉल बदलते, असा दावा 2012 मध्ये गाजला होता. इतर गटांना तो पुन्हा दाखवता आला नाही. त्याच्या आधाराने कोणी काही विकत असेल तर पैसे वाचवा.

शेवटी औषधांचा प्रश्न. दोन मार्ग आहेत: वाढलेल्या मायक्रोआरएनएला उलटा धागा लावून अडवणे, किंवा घटलेल्याची कृत्रिम नक्कल पुरवणे. नक्कल पुरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न एमआरएक्स-34. मिर-34ए हे पी-53 या ट्यूमर रोखणाऱ्या प्रथिनाच्या हाताखाली काम करणारे, ट्यूमर दाबणारे मायक्रोआरएनए. त्याची नक्कल चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून रुग्णांना दिली. काही रुग्णांच्या गाठी आकसल्या, पण रोगप्रतिकार यंत्रणा भडकून गंभीर दुष्परिणाम झाले, रुग्ण दगावले, आणि 2016 मध्ये चाचणी थांबवली. आल्पोर्ट या किडनीविकारात मिर-21 अडवणारे लाडेमिरसेन उंदरांत छान चालले होते. माणसांतल्या चाचणीत फायदा दिसेना, म्हणून 2022 मध्ये तीही बंद झाली. मला याचे फारसे नवल वाटले नाही. साथीदाराला पकडले, मूळ दोष तसाच राहिला.

त्याच अर्गोनॉटचा वापर करणारी एसआयआरएनए, म्हणजे कृत्रिम छोट्या दुहेरी आरएनएची, औषधे मात्र 2018 पासून, पॅटिसिरानपासून, बाजारात आहेत. ती एकाच संदेशाशी पूर्ण जुळतील अशी घडवलेली असतात, त्यामुळे परिणाम मोठा आणि नेम एकावर. मायक्रोआरएनएच्या औषधाने शेकडो संदेश थोडे-थोडे हलतात. हवे ते हलते, नको तेही हलते. शिवाय असे धागे टोचले की बहुतांश यकृतात आणि किडनीत जातात. मेंदूत, स्नायूत किंवा ट्यूमरमध्ये ते पुरेसे पोचवण्याचा प्रश्न अजून सुटायचा आहे.

म्हणूनच माझे लक्ष सध्या किडनीवर आहे. पॉलिसिस्टिक किडनीच्या आनुवंशिक विकारात पीकेडी-1 किंवा पीकेडी-2 जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, दुसरी चांगली. पण त्या चांगल्या प्रतीच्या संदेशावरही मिर-17 येऊन बसते आणि आधीच कमी असलेले प्रथिन आणखी घटवते. 2022 मध्ये उंदरांत पीकेडी-1 च्या संदेशावरची मिर-17 ची फक्त बसण्याची जागा पुसली, बाकी कशाला हात लावला नाही, आणि आजार सौम्य झाला. वर सांगितलेल्या चाळणीतली तिसरी, सर्वात कठीण अट ती हीच. मिर-17 ला अडवणारे फाराबर्सेन किडनीत साठेल असे घडवले आहे. रुग्णांतल्या सुरुवातीच्या चाचणीत लघवीतले पॉलिसिस्टिन, म्हणजे पीकेडी जनुकांपासून बनणारे प्रथिन, वाढलेले दिसले, आणि 2025 मध्ये नोव्हार्टिसने ते बनवणारी रेग्युलस ही कंपनी विकत घेण्याचा करार केला. प्रथिन वाढले म्हणजे किडनीचे काम टिकले असे होत नाही. त्यासाठी शेकडो रुग्णांच्या किडनीचे आकारमान आणि गाळण्याची क्षमता दीर्घकाळ मोजावी लागेल.